हा ‘च’ कुणाचा?

संध्याकाळची कसारा लोकल वाशिंदला रिकामी होत असते, तेव्हा मी खोलीचं दार लावून फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून बसते. समुपदेशन शिकणाऱ्यानं आपलं काम अनुभवी थेरपिस्टला दाखवायचं असतं. त्याला सुपरव्हिजन म्हणतात. माझ्या सुपरव्हायझर ठाण्यात, मी इथं. प्रत्यक्ष भेट एकदाच झालीय.

पहिल्या वेळी मी नाव-गाव वगळून सत्राचं टिपण वाचलं. म्हटलं, “ती ‘बरं वाटतंय’ म्हणाली, पण चेहरा तसा नव्हता. मॅडम, एवढं समजावल्यावर तिला बरं वाटायलाच हवं होतं.”

पलीकडून प्रश्न आला, “हा ‘च’ कुणाचा? तिचा की तुझा?”

कान तापले. काम तपासून घ्यायला गेले आणि मीच तपासली गेले!

खोलीत नसलेल्या माणसानं उपचाराला दिशा देणं, ही गोष्ट झूमच्या कितीतरी आधीची. 1908 साली व्हिएन्नात पाचेक वर्षांचा एक मुलगा घोड्यांना घाबरून रस्त्यावर जाईना. त्याचे वडील, माक्स ग्राफ, त्याच्याशी बोलत, टिपणं काढत आणि ती फ्रॉइडकडे नेत. या उपचारात फ्रॉइड मुलाला स्वतः एकदाच भेटले. पुढे 1920 मध्ये बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचं क्लिनिक निघालं. नवशिक्यानं ज्येष्ठाच्या देखरेखीखाली रुग्ण बघायचे, हा तिथं प्रशिक्षणाचा भाग झाला.

आपल्याकडे ज्येष्ठ आणायचा कुठून? कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये इंडियन सायकोअॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली. त्यांचा आणि फ्रॉइडचा पत्रव्यवहार होता. त्यात बोस आपले मतभेदही मांडत. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही.

महाराष्ट्रात हीच वाट कि. मो. फडके यांनी धरली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. फडक्यांनी त्यांच्याशी तब्बल 36 वर्षं पत्रव्यवहार केला. एलिस यांच्या न्यूयॉर्कमधल्या संस्थेचे ते पहिले भारतीय फेलो आणि सुपरव्हायझर झाले. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएचमध्ये ही विचारपद्धती रुजली, त्यामागेही फडक्यांची शिकवण आहे.

एलिस यांचं म्हणणं असं : नुसत्या घटनेनं माणूस कोसळत नाही. ‘असं झालंच पाहिजे’ हा हट्ट त्याला कोसळवतो. इंग्रजीत त्यासाठी अख्खा शब्द लागतो, मराठीत एका अक्षरात काम होतं. म्हणून तो पटकन दिसत नाही, आणि स्वतःच्या वाक्यातला तर नाहीच. तो ऐकायला दुसरा कान लागतो.

माझा ‘च’ मला नुसता त्रास देत होता असं नाही, त्याचा भार ती उचलत होती. पुढच्या सत्रात मी कमी बोलले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “ताई, मागच्या वेळी बरं वाटतंय म्हटलं ना, ते तुमच्यासाठी म्हटलं होतं.”

हे वाक्य मी टिपणात लिहिलं आणि सुपरव्हिजनला सगळ्यात आधी तेच वाचलं.