हेन्री स्ट्रीटची अंधारखोली



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. कामगार चळवळीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला मात्र बारीकसारीक वस्तूंच्या मागे लपलेला इतिहास अधिक खुणावतो. आज मी एका छायाचित्राची हकीकत सांगणार आहे.

चित्र मुष्टियुद्धाचे आहे. सनी लिस्टन उताणा पडला आहे आणि उजवा हात छातीशी मुडपून महंमद अली त्याच्यावर ओरडतो आहे. दिवस २५ मे १९६५, स्थळ अमेरिकेतील मेन राज्यातले ल्युइस्टन, म्हणजे कापडगिरण्यांचेच गाव. पहिल्याच फेरीत सामना आटोपला. हे चित्र टिपणाऱ्या नील लायफरचे वय तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते.

कोणी म्हणेल, फोटो काढायला काय लागते? बटण दाबले की झाले! पण त्या बटणापर्यंत बोट पोचायला काय काय लागले, हाच तर खरा इतिहास.

प्रथम, धावत्या हालचालीचे चित्र ही मुळात धनिकांची चैन होती. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिजने दौडत्या घोड्याची चित्रे घेतली. त्यासाठी ओळीने १२ कॅमेरे मांडले होते आणि घोडा पुढे जाई तसतसे वाटेतले दोरे ओढले जाऊन एकेक कॅमेरा चाले. खर्च केला रेल्वेसम्राट लेलँड स्टॅनफर्डने. घोडाही त्याचाच. चारही पाय जमिनीवरून एकाच वेळी सुटतात हे जगाला कळले खरे, पण ते कळण्यासाठी एका भांडवलदाराची तिजोरी उघडावी लागली.

त्यानंतर ८० वर्षांनी हीच विद्या एका गरीब वस्तीतल्या पोराच्या हाती आली. ती कशी आली?

लायफर न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात वाढला. परदेशांतून आलेल्या कष्टकऱ्यांची ही दाट वस्ती. तिथल्या चाळींमधून, अपुऱ्या उजेडात, कुटुंबेच्या कुटुंबे कपडे शिवत बसत. तिथले दैन्य जेकब रीस याने १८९० च्या सुमारास छायाचित्रांनीच जगापुढे मांडले होते. त्याच वस्तीत लिलियन वाल्ड नावाच्या परिचारिकेने १८९३ साली सेवाकार्य सुरू केले आणि त्यातून हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ही संस्था उभी राहिली. या बाई नुसती औषधे देऊन थांबल्या नाहीत. १९०३ साली स्त्री-कामगारांची संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्याही पाठीशी त्या होत्या. या संस्थेत मुलांसाठी छायाचित्रणाचा वर्ग होता, अंधारखोली होती. लायफर तिथे शिकला.

म्हणजे सारे श्रेय संस्थेचे काय? तसे मी म्हणत नाही. त्या वर्गात इतरही पोरे होती, पण हे पोर हट्टी निघाले. खाद्यपदार्थ पोचवण्याची कामे करून त्याने पैसे मिळवले. क्रीडांगणात शिरायला तिकिटाचे पैसे कुठून आणायचे? तर युद्धात अपंग झालेल्या सैनिकांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलत तो यँकी स्टेडियममध्ये शिरे. २८ डिसेंबर १९५८ रोजी, म्हणजे आपल्या सोळाव्या वाढदिवशी, अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात तो असाच मैदानाच्या कडेला उभा होता. सामना जादा वेळेत गेला आणि बाल्टिमोरने न्यूयॉर्कवर २३-१७ अशी मात केली. विजयाचा निर्णायक गडी ॲलन अमीची नेमका या पोराच्या दिशेने घुसला. दूरचे टिपणारे भिंग त्याच्याजवळ नव्हते. म्हणूनच खेळाडूंबरोबर रात्रीचे सारे मैदानही त्याच्या चित्रात आले!

ल्युइस्टनला तर त्याच्या दिव्यांना एकदा चमकल्यावर पुन्हा सज्ज व्हायला काही सेकंद लागत. चुकला तो क्षण गेलाच. अलीच्या पायांमधून पलीकडे हर्ब शार्फमन हा मुरलेला छायाचित्रकार दिसतो. त्याचे कसब कमी नव्हते, त्याची जागा तेवढी चुकली होती. दैवाचा हा वाटाही प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे.

पण मित्रहो, दैव ज्याच्यापुढे येऊन उभे राहते त्याच्या हातात कॅमेरा तर असायला हवा! "तो स्वतःच्या हिमतीवर वर आला," हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटते. हिंमत त्याची स्वतःची, यात शंका नाही. पण ती अंधारखोली, शिकवणारा माणूस, पोराला संध्याकाळी मिळालेली मोकळी वेळ, हे सारे इतरांनी आधी उभे केलेले होते. संस्था गुण निर्माण करू शकत नाही, हे खरे. मात्र ती नसली तर गुण कोणाच्या नजरेसही न पडता विझतात आणि न काढलेल्या चित्रांची नोंद कोणत्याच इतिहासात होत नाही.

आठ तासांचा दिवस मागताना आमच्या वडीलधाऱ्यांनी केवळ विश्रांती मागितली नव्हती. उरलेल्या वेळात माणसाने माणूस म्हणून काही शिकावे, करावे, हीही ती मागणी होती. एखाद्या वस्तीत वाचनालय, तालीम किंवा चित्रशाळा बंद पडते तेव्हा हिशेबाच्या वहीत थोडी बचत दिसते. तोटा वीस वर्षांनी होतो, आणि तो मांडायला कोणत्याही वहीत रकाना नसतो. तो रकाना आखणे हे आपणा नागरिकांचे काम आहे.