प्रोग्रेसिव्ह रॉक : विस्तार आणि पाल्हाळ

इंग्लंडांत १९६९ सालीं किंग क्रिम्झन या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि प्रोग्रेसिव्ह रॉकला निश्चित रूप आलें. येस या मंडळीनें १९७२ सालीं ‘क्लोज टु दि एज’ ही अठरा मिनिटांची रचना तबकडीच्या एका बाजूवर बसविली. तींत विस्तार आहे, पाल्हाळ नाहीं. पुढच्याच वर्षीं, श्रुति, स्मृति, पुराणें व तंत्रें यांविषयींच्या परमहंस योगानंदांच्या एका तळटीपेवरून, त्यांनीं दोन तबकड्या भरल्या. येथें सूत्रापेक्षां भाष्यच फार झालें. वादक रिक वेकमन १९७४ सालीं बाहेर पडले. दोनतीन वर्षांतच पंकनें या डौलाची टर उडविली. ती अगदींच अन्यायाची होती, असें म्हणवत नाहीं. तथापि लोकप्रिय संगीतानें श्रोत्याकडे वीस मिनिटांचें अवधान मागावें, ही हिंमत ज्यांनीं दाखविली, त्यांचें ऋण माझ्यासारख्या जुन्या श्रोत्यास नाकारतां येत नाहीं.