माटुंग्याची टाकी

मैल्यापासून जळाऊ वायु मिळविणारी जगांतील पहिली टाकी कोठें झाली, असा प्रश्न केला तर अनेक ग्रंथ एकच उत्तर देतात: मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत, 1859 सालीं. हें ऐकून मुंबईकरास अभिमान वाटावा हें स्वाभाविक आहे. परंतु इतिहासास अभिमानापेक्षां सनावळी अधिक प्रिय असते. ज्या आश्रमांत ही टाकी होती, तो माटुंग्याचा निराश्रित कुष्ठरोग्यांचा आश्रम 1890 सालीं उघडला. घर उभें राहण्यापूर्वीं एकतीस वर्षें त्याची मोरी वाहत होती, असें कोण म्हणेल? नोंदींशीं जुळणारें साल 1897 हें आहे. त्यामुळें पहिलेपणाचा मान जातो खरा. पण जें उरतें तें त्या मानाहून कमी मोलाचें नाहीं.

हा आश्रम हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ यांच्या खटपटीनें निघाला. ते त्या वेळीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. मराठी वाचकांस हें नांव निराळ्या नात्यानें परिचित आहे; शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्यानें त्यांनीं 1891 सालीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. रस्तोरस्तीं भीक मागत फिरणाऱ्या रुग्णांस निवारा मिळावा हा आश्रमाचा एक हेतु होता. आणि ते शहराच्या दृष्टीआड व्हावेत हा दुसरा. माटुंगा तेव्हां वस्तीच्या टोकाला होतें. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापनाच मुळीं 1898 सालची, आणि दादर-माटुंग्याचे आजचे आखीव रस्ते त्यानंतरचे. वडाळ्याचें ॲकवर्थ रुग्णालय तें हेंच.

शेंकडों माणसें एके ठिकाणीं राहूं लागलीं कीं त्यांच्या मैलापाण्याचा प्रश्न उभा राहतो. त्यांतच 1896 सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि गटारें, मोऱ्या, घाण हे विषय घरोघर भीतीचे झाले. सुमारें त्याच वेळीं इंग्लंडांतील एक्झेटर शहराचे सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन यांनीं मैलापाण्यासाठीं बंद टाकी बांधली होती. हवा न लागतां टाकींत घाण मुरते, गाळ कमी होतो आणि वर जळणारा वायु जमतो, असें तेथें दिसून आलें. माटुंग्याच्या आश्रमांतही 1897 सालीं अशीच व्यवस्था झाली. वायु गोळा करण्याची सोय केली गेली, व त्यावर इंजिनें चालविल्याची नोंद आहे. मुंबईच्या ड्रेनेज खात्याचे इंजिनिअर सी. कार्कीट जेम्स यांनीं पूर्वेकडील देशांतील मैलापाण्याच्या प्रश्नांवर 1906 सालीं ग्रंथच लिहिला.

टाकींत घाण नाहींशी होते म्हणजे नेमकें काय होतें? इंजिनिअरांना परिणाम दिसत होता. त्यामागील कर्ता दिसत नव्हता. योगायोग असा कीं, त्याच 1897 सालीं जर्मनींत एडुआर्ड बुखनर यांनीं यीस्ट वाळूबरोबर घोटलें, त्याचा रस पिळून काढला आणि तो टिकावा म्हणून त्यांत साखर घातली. रसांत एकही जिवंत पेशी नसतां साखर फसफसूं लागली! आंबविण्याचें काम जीव करतो हें पाश्चर यांनीं दाखविलें होतें; तो जीव तें काम कोणत्या हत्यारानें करतो हें बुखनर यांनीं दाखविलें. त्या हत्यारास एन्झाइम अथवा विकर म्हणतात. या शोधाबद्दल त्यांस 1907 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

विकर कांहीं दूरची वस्तु नव्हे. भाकरीचा घास बराच वेळ चावीत राहिलें तर गोड लागतो. लाळेंतील विकर पिष्टाचे तुकडे करून साखर बनवितो, म्हणून. माटुंग्याच्या टाकींत हेंच चाललें होतें. जीवाणू आपले विकर पेशीबाहेर सोडीत. कोणी स्निग्ध पदार्थ तोडी, कोणी प्रथिनें, कोणी कागद व भाजीपाल्यांतील तंतु. तुकडे लहान झाले कीं जीवाणू ते पोटांत घेत व त्यांचीं आम्लें करीत. शेवटीं दुसरे सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेन वायु बनवीत. विकर स्वतः खर्ची न पडतां एकामागून एक रेणु तोडतो. मात्र प्रत्येकाचें कुलूप ठरलेलें असतें, दुसरें त्याला उघडत नाहीं.

पुढें शेतांत व कारखान्यांत अशीं रसायनें आलीं, जीं निसर्गानें कधीं पाहिलीं नव्हतीं. त्यांचें कुलूप उघडणारी किल्ली कोठें मिळावी? ती शेतांतच मिळाली. फिलिपाइन्समधील डायझिनॉन फवारलेल्या भातखाचरांतून एन. सेतुनाथन व टी. योशिदा यांनीं एक जीवाणू वेगळा केला. तो डायझिनॉन व पॅराथिऑन हीं कीटकनाशकें तोडतो, असें त्यांनीं 1973 सालीं प्रसिद्ध केलें. हें तोडण्याचें काम ज्या विकराचें, तो जीवाणूपासून वेगळा करूनही कामास लावतां येतो. 7 ऑगस्ट 2010 रोजीं मुंबईच्या बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलें, तेव्हां तेलखाऊ जीवाणूंकडून किनारा स्वच्छ करून घेण्याचे प्रयत्न झाले. तेथेंही हत्यार विकराचेंच.

तथापि विकर म्हणजे जादूची कांडी नव्हे. पॅराथिऑन तुटल्यावर उरणारें नायट्रोफिनॉलही विषारीच असतें. त्यास पुढची किल्ली लागते. फार उष्णता किंवा तीव्र आम्ल लागलें कीं विकर निकामी होतो. तो जिवंत नसल्यानें स्वतः वाढत नाहीं. संपला कीं पुन्हां पुरवावा लागतो. आणि शिसें व पारा हीं मूलद्रव्यें; त्यांचे तुकडे करण्याचें सामर्थ्य कोणत्याही विकरांत नाहीं. जें तुटत नाहीं, तें सांडूं न देणें हाच उपाय.

या विद्येचें एक पीठ योगायोगानें माटुंग्यासच आहे. मुंबई विद्यापीठानें 1933 सालीं रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला; तो पुढें माटुंग्यास स्थिरावला व 2008 सालीं अभिमत विद्यापीठ झाला. तेथून जवळच ॲकवर्थ यांचा आश्रम. आज कुष्ठरोग औषधानें पूर्ण बरा होतो, आणि रुग्णांस कोंडणारा 1898 चा कायदा 2016 सालीं रद्द झाला.

शहरानें माणसें गांवाबाहेर काढलीं. पण शहर वाढत गेलें आणि तो आश्रम शहराच्या मध्यावर आला. घाणीचें व विषाचेंही तसेंच आहे. तीं जेथें टाकावीं अशी ‘बाहेर’ नांवाची जागा कोठेंच उरत नाहीं; जेथें तीं निर्माण झालीं तेथेंच त्यांचा निकाल लावावा लागतो. ज्यांना शहरानें टाकून दिलें त्यांच्या अंगणांत, सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं, मुंबईनें हा धडा पहिल्यानें गिरविला.