खुडूक कोंबडी आणि घरचं बियाणं

जालन्याचं नाव निघालं की लोक बियाण्याचं बोलतात, आणि ते रास्तच आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. त्याच सुमाराला सीएसएच-1 ही संकरित ज्वारी देशात आली. 1998 साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण याच जिल्ह्यातल्या गावांत आणखी एक बियाणं बायकांनी पिढ्यान् पिढ्या राखलं होतं, कोंबड्यांचं. ते टिकलं खुडूक कोंबडीच्या जिवावर. तिचा इतिहास लिहिण्याजोगा आहे असं मला मनापासून वाटतं.

गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते, तिची तऱ्हाच बदलते. पिसं फुलवून खुराड्याच्या कोपऱ्यात ठाण मांडते, हात नेला की गुरगुरते, टोचते. दिवसातून एकदा उठते, घाईघाईनं चार दाणे टिपते, पाणी पिते, मोठी घाण वासाची विष्ठा टाकते आणि धावत परत येते. पोटाखालची पिसं झडलेली असतात. उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना लागते. अंडी देणं अर्थातच बंद.

घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या घरी रवण घालायचं, म्हणजे कोंबडीखाली अंडी उबवायला मांडायचं, काम आजीचं. कोंबडी खुडूक दिसली म्हणून ती लगेच अंडी मांडायची नाही. आधी एकच अंडं खाली ठेवायची. दोन रात्री कोंबडी हलली नाही, तरच तिचा भरवसा. मग जुन्या टोपल्यात चुलीची राख, वर बाजरीचं भूस. अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली, ज्वारीच्या कणगीत गार ठेवलेली. अकरा किंवा तेरा, विषमच. शेजारी कोळशाचा खडा आणि लोखंडी खिळा, विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. राखेचं कारण सरळ आहे, पिसवा आणि उवा आटोक्यात राहतात. तेराच्या पुढे न जाण्यातही शहाणपण आहे, कारण गावरान कोंबडीच्या लहान अंगाखाली तेवढीच मावतात आणि कडेची अंडी गार पडत नाहीत. कोळसा-खिळ्यामागे मला तसं काही दिसत नाही. आजी मात्र ते कधी विसरली नाही.

आठवड्यानं, रात्री, कंदिलाची काच पुसून ती एकेक अंडं मुठीत धरून उजेडापुढे न्यायची. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की अंड्यानं जीव धरला. नितळ दिसलं की ते बाजूला. विसावा दिवस जवळ आला की घमेल्यात कोमट पाणी घ्यायची आणि अंडी अलगद सोडायची. आत पिल्लू जिवंत असेल तर तरंगणारं अंडं थरथरतं, डुलतं. आम्ही पोरं श्वास रोखून बघायचो. एकविसाव्या दिवशी टोपल्यातून चिवचिव. पुढचे दिवस बारीक कण्या, आणि वाळवी. उलट्या मडक्यात ओलं शेण आणि जुनं गोणपाट भरून बांधावर ठेवलं की सकाळी ते वाळवीनं भरलेलं असायचं.

हे सगळं दिवाळी ते होळी या काळातलं. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, अंडी ठेवल्या जागीच खराब होतात. पावसाळ्यात ओल आणि रोग. मानमोडी आली की गल्लीच्या गल्ली ओस पडायची. शास्त्रात तिला राणीखेत म्हणतात, कारण 1927 साली हिमालयातल्या त्या गावी ती आपल्या देशात प्रथम नोंदली गेली. खुराडं रिकामं झालं की नवं बियाणं माहेराहून किंवा बहिणीकडून यायचं, बटईनं. कोंबडी तिची, राखण हिची, पिल्लं अर्धी-अर्धी. एका गावी रोग आला तरी वाण दुसऱ्या गावी शिल्लक राहायचं ते या देवाणघेवाणीमुळे.

कधी घरात पिल्लांपेक्षा अंडीच हवी असायची. मग कोंबडी पाण्यात बुडवायची, नाहीतर उघड्यावर डालग्याखाली कोंडायची. काही जणी तिचंच पीस तिच्या नाकात ओवायच्या. प्रोलॅक्टिन नावाचा स्राव कोंबडीला खुडूक करतो, हे ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1935 साली अमेरिकेत टोचून दाखवलं. बसायला जागा मिळाली नाही, पोटाला गार वारा लागला की तो स्राव ओसरतो. म्हणून डालग्याचा उपाय चालतो. नाकातल्या पिसानं फक्त यातना होतात. ती रीत अजून कुठे उरली असेल तर ती आजच बंद व्हावी.

कोंबडीशिवाय अंडी उबवण्याची विद्या फार जुनी आहे. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवत. पुढे यंत्रं आली, आणि कोंबडीचं बसणं हा दोष ठरला. बसकी कोंबडी निवडीतून वगळत वगळत लेगहॉर्न घडली, जी क्वचितच खुडूक होते. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, पिंजऱ्यातली तीनशेच्या घरात. 1971 साली पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि महाराष्ट्रात पिल्लं खोक्यातून गावोगाव जाऊ लागली. त्यानं अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं. हे लहान काम नाही.

परसासाठी मग बंगळुरूची गिरिराज आली, हैदराबादची वनराज आली. रोगाला चिवट, वजनाला भारी, अंडी जास्त. पण त्या रवणाला बसत नाहीत, आणि त्यांच्या पुढच्या पिढीत तो जोम राहत नाही. म्हणजे संकरित ज्वारीच्या पिशवीसारखंच, दरवेळी नवं विकत घ्या. पैसा हातात असेल तर हा सौदा वाईट नाही. ज्या बाईकडे तो नसतो, तिचं खुराडं मात्र एका मानमोडीनंतर कायमचं रिकामं राहतं. कोंबड्या वाटणाऱ्या योजनांत अंडी आणि वजन मोजतात. किती कोंबड्या रवणाला बसल्या आणि किती पिल्लं जगली, हाही रकाना असायला हवा.

आमच्या गल्लीतल्या बायकांनी आपला तोडगा काढलाच आहे. वनराज पाळणारीसुद्धा एखादी गावरान कोंबडी राखते, फक्त खुडूक होण्यासाठी. जिच्याकडे तशी नसते ती शेजारणीची मागून नेते, तिच्याखाली आपली अंडी मांडते, आणि पिल्लं निघाली की कोंबडीबरोबर दोन पिल्लं परत धाडते.