मुलांचा मायनस नंबर आणि शाळेचे तास

फळ्यावरचं दिसत नाही, असं मूल स्वतःहून क्वचितच सांगतं. त्याला वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं. ते शेजारच्या वहीतून उतरवून घेतं, डोळे बारीक करतं, टीव्हीजवळ सरकतं. आणि आपण ‘अभ्यासात लक्षच नाही’ म्हणून रागावतो.

लघुदृष्टी म्हणजे जवळचं स्पष्ट, दूरचं धूसर. वाढत्या वयात डोळा प्रमाणाबाहेर लांब होतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता अलीकडेच पडते. लांबलेला डोळा परत आखूड होत नाही. नंबर फार वाढला तर पुढे पडदा सरकण्याचा, काचबिंदूचा धोका असतो.

अम्मी-अब्बांना चष्मा असेल तर मुलाला लागण्याची शक्यता जास्त, हे खरं. पण सगळं खानदानी नाही. इस्रायलमधली १९९३ सालची एक पाहणी बघा. कट्टर धार्मिक ज्यू घरांतले मुलगे लहानपणापासून रोज तासन्‌तास बारीक अक्षरांचे धर्मग्रंथ वाचतात. त्यांच्यात शंभरांत सुमारे ८१ जणांना लघुदृष्टी होती, त्याच समाजातल्या मुलींमध्ये सुमारे ३६ जणींना. समाज एक, घरं तशीच. फरक अभ्यासाच्या पद्धतीचा.

हिफ्ज करणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे वाचून घाबरू नये. दोष किताबाचा नाही, सलग जवळून बघण्याचा आणि दिवसभर छताखाली बसण्याचा आहे. सिडनी आणि सिंगापूरमधल्या सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. सिडनीत लघुदृष्टी शंभरांत तिघांना, सिंगापुरात एकोणतिसांना. गंमत म्हणजे सिडनीची मुलं पुस्तकं जास्त वाचत होती! पण ती आठवड्याला सुमारे १४ तास घराबाहेर असत, सिंगापूरची तीनच तास. उघड्यावरच्या उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन सुटतं आणि ते डोळ्याची लांबी आवरतं, असं संशोधक मानतात. वर्गातला उजेड बाहेरच्या मानाने फारच कमी.

चीनमध्ये ग्वांगझू शहरातल्या काही शाळांनी पहिलीपासून रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवला. तीन वर्षांत तिथे शंभरांत ३० मुलांना नव्याने लघुदृष्टी आली, बाकीच्या शाळांत जवळपास ४०.

आता आपल्या मुलांचा दिवस मोजा. सकाळी शाळा, दुपारी मदरसा, संध्याकाळी ट्यूशन, मग मोबाइल. उन्हात कधी जातं मूल? असर ते मगरिब हा वेळ तरी खेळायला मोकळा सोडता येईल; ट्यूशन मगरिबनंतर ठेवा. मुलींनाही बाहेर खेळू द्या, निदान गच्चीवर. वाचताना पुस्तक हातभर लांब, आणि अर्ध्या तासाने उठून लांब बघायचं.

चष्म्याने नंबर वाढतो, हा गैरसमज आहे. मुद्दाम कमी नंबर देऊनही तो थांबत नाही. ‘रिश्ता जमणार नाही’ म्हणून मुलीचा चष्मा टाळणारी घरं आम्ही पाहिली आहेत. नुकसान तिच्या अभ्यासाचं होतं. नंबर झपाट्याने वाढत असेल तर कमी ताकदीच्या ॲट्रोपिनच्या थेंबांबद्दल नेत्रतज्ज्ञांना विचारा, स्वतःहून आणू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीला येते, त्या दिवशी मुलाला सुट्टी घेऊ देऊ नका. मदरशात अशी तपासणी होत नसेल तर जबाबदार मंडळींनी जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारावं.