सर्वांत वेगवान, तरीही विजेता नव्हे : अँडी राऊस आणि एका नियमाचा इतिहास

१/१५
क्रीडेतिहासात विजेत्यांच्या याद्या सहज मिळतात. त्या याद्या ज्या नियमांनी घडवल्या, ते नियम मात्र क्वचितच वाचले जातात. आजचा धागा ब्रिटिश टूरिंग कार शर्यतींतील चालक अँडी राऊस यांच्याविषयी आहे. त्यांना मिळालेल्या आणि त्यांच्या हातून निसटलेल्या अजिंक्यपदांचे रहस्य बव्हंशी गुण मोजण्याच्या एका पद्धतीत आहे.

२/१५
प्रथम पार्श्वभूमी. टूरिंग कार म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या घरगुती मोटारीचे शर्यतीसाठी सिद्ध केलेले रूप. ब्रिटनमध्ये अशा मोटारींची अजिंक्यपद स्पर्धा १९५८ साली सुरू झाली. पहिल्याच वर्षी जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे गुण समसमान झाले. नाणेफेकीचा पर्याय बाजूला पडला आणि दोघांना एकसारख्या दोन रायली गाड्या देण्यात आल्या. गाड्यांची अदलाबदल करून दोन छोट्या शर्यती झाल्या आणि सीअर्स विजयी ठरले.

३/१५
ही बरोबरी झाली ती गटपद्धतीमुळे. इंजिनाच्या क्षमतेनुसार मोटारींचे गट पाडलेले असत. सर्व गट एकाच वेळी ट्रॅकवर धावत. पण गुण आपापल्या गटातील क्रमांकावर मिळत. कुस्तीतील वजनगट डोळ्यांसमोर आणा. लहान वजनगटातील विजेत्यालाही मोठ्या गटातील विजेत्याइतकेच गुण द्यायचे आणि वर्षाअखेरीस सर्व गटांतून एकच अजिंक्यवीर निवडायचा, असा तो प्रकार होता.

४/१५
त्याचा परिणाम विलक्षण होता. १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे बिल मॅकगव्हर्न यांनी अजिंक्यपद मिळवले, तेही सनबीम इम्प या एक लिटरहून कमी क्षमतेच्या चिमुकल्या गाडीतून. शर्यतीत सर्वांच्या पुढे धावत असत त्या अवाढव्य इंजिनांच्या गाड्या. करंडक मात्र इम्पच्या चालकाकडे जाई. आपल्या गटात सातत्याने पहिला येणारा चालक मोठ्या गटातील चुरशीचा असा लाभ उठवू शकत असे.

५/१५
याच काळात राऊस यांचा उदय झाला. त्यांचा जन्म १९४७ चा, इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातला. ते मुळात अभियंता. राल्फ ब्रॉड यांच्या ब्रॉडस्पीड या शर्यतसंस्थेत ते दाखल झाले. तेथे त्यांनी गाड्या घडवल्या आणि चालवल्याही. इंजिन उघडून पाहणारा हात आणि चाक धरणारा हात एकच असणे, ही त्यांच्या कारकिर्दीची खरी ओळख.

६/१५
१९७५ साली ते ब्रॉडस्पीडच्या ट्रायम्फ डॉलोमाईट स्प्रिंटमधून उतरले. दोन लिटरचे इंजिन, चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्ह. समोर पाच लिटरहून मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन कॅमारो होत्या. सरळ मार्गावर त्यांना गाठणे डॉलोमाईटला शक्य नव्हते आणि तशी गरजही नव्हती. आपल्या गटात गुणांची रास जमवून राऊस पहिल्यांदा अजिंक्य ठरले. गटपद्धतीने येथे त्यांना हात दिला.

७/१५
दुसरे अजिंक्यपद तर न्यायाधिकरणातून आले. १९८३ च्या हंगामावर टॉम वॉकिनशॉ यांच्या संघाच्या रोव्हर व्हिटेस गाड्यांचे निर्विवाद वर्चस्व होते आणि ट्रॅकवर अजिंक्य ठरले होते स्टीव्ह सोपर. परंतु या गाड्यांच्या बाह्यांगात आणि इंजिनात नियमबाह्य फेरफार झाल्याची तक्रार दाखल झाली.

८/१५
प्रकरण १९८४ पर्यंत रेंगाळले. अखेर ते लॉर्ड हार्टली शॉक्रॉस यांच्यापुढे आले. होय, न्यूरेंबर्ग खटल्यात ब्रिटनचे मुख्य अभियोक्ता असलेले तेच शॉक्रॉस! रोव्हर संघ निकालातून बाद झाला आणि १९८३ चे अजिंक्यपद अल्फा रोमिओ जीटीव्ही६ चालवणाऱ्या राऊस यांच्याकडे आले. तोवर पुढचा हंगाम निम्मा सरत आला होता.

९/१५
गंमत अशी की १९८४ साली राऊस स्वतःच रोव्हर व्हिटेस चालवत होते, आणि तेही अजिंक्यपद त्यांनी जिंकले. १९८५ साली त्यांनी अमेरिकन बाजारासाठी बनवलेली टर्बो इंजिनाची फोर्ड सिएरा एक्सआर४टीआय निवडली आणि सलग तिसऱ्यांदा ते अजिंक्य ठरले. तीन वर्षे, तीन वेगळ्या गाड्या. एकूण अजिंक्यपदे आता चार झाली होती.

१०/१५
मग आली सिएरा आरएस५००. शर्यतीत उतरवायची सुधारित आवृत्ती ठरावीक संख्येने सामान्य ग्राहकांसाठीही बनवली पाहिजे, असा दंडक होता; म्हणून फोर्डने १९८७ साली अशा ५०० गाड्या तयार केल्या. शर्यतीसाठी सिद्ध केल्यावर तिचे इंजिन ५०० अश्वशक्तीच्या पुढे जाई. राऊस यांची स्वतःची कंपनी हे तंत्र केवळ त्यांच्याकरिता राखून ठेवत नव्हती; ती इतर चालकांनाही इंजिने आणि गाड्या पुरवत असे.

११/१५
१९८७ ते १९८९ या काळात सर्वांत आधी रेषा ओलांडण्याचा मान राऊस यांना अनेकदा मिळाला. अजिंक्यपद मात्र एकदाही नाही! १९८७ साली ते टोयोटा कोरोलाच्या ख्रिस हॉजेट्स यांना मिळाले, १९८८ साली बीएमडब्ल्यू एम३ च्या फ्रँक सिटनर यांना आणि १९८९ साली व्हॉक्सहॉल ॲस्ट्राच्या जॉन क्लीलंड यांना. तिघेही लहान गटांतले. सर्वांत मोठ्या गटात आरएस५०० गाड्या एकमेकींचे गुण खात होत्या, आणि त्यांतल्या काहींच्या सिद्धतेला राऊस यांच्याच कंपनीचा हात लागलेला होता. १९७५ साली त्यांना तारणारी पद्धत आता त्यांच्या आड आली.

१२/१५
ही केवळ एका चालकाची व्यथा नव्हती. शर्यत एकाने जिंकावी आणि अजिंक्य दुसऱ्याने व्हावे, हे प्रेक्षकाला समजावून सांगणे अवघड होते. शिवाय टर्बो गाड्यांचा खर्च वाढत चालला होता. त्यातून नवे सूत्र पुढे आले : सर्वांसाठी एकच गट, दोन लिटरचे इंजिन, टर्बोला मज्जाव. या सूत्राच्या जडणघडणीत राऊस यांचा मोठा वाटा होता. म्हणजे ज्या आरएस५०० वर त्यांचा हातखंडा होता, तिला ट्रॅकवरून दूर करणाऱ्यांत तेही होते. १९९० साली दोन गट उरले आणि १९९१ पासून केवळ दोन लिटरच्या गाड्या धावू लागल्या.

१३/१५
नव्या पद्धतीत राऊस यांनी आधी टोयोटा करिना आणि पुढे फोर्ड मोंडेओ चालवली. १९९३ साली त्यांच्या संघाच्या मोंडेओतून न्यूझीलंडचे पॉल रॅडिसिच यांनी इटलीतील मोंझा येथे जागतिक टूरिंग कार चषक पटकावला. स्वतः राऊस यांना मात्र या सूत्राखाली पाचवे अजिंक्यपद कधीच मिळाले नाही. १९९४ च्या हंगामानंतर त्यांनी चालक म्हणून निवृत्ती घेतली.

१४/१५
ते सूत्र पुढे 'सुपर टूरिंग' या नावाने जर्मनी, इटली, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांत पोहोचले. वाद मात्र संपले नाहीत. १९९४ साली अल्फा रोमिओ १५५ च्या वायुरोधक पंखांवरून प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली. ती वाढीव जोडणी नियमात बसते, असे अल्फाचे म्हणणे होते. पुढे मोठ्या कंपन्यांच्या चढाओढीत खर्च पुन्हा आटोक्याबाहेर गेला आणि ब्रिटनमध्ये २००० हे सुपर टूरिंगचे अखेरचे वर्ष ठरले. खर्च आवरण्यासाठी आणलेला नियम खर्चानेच मोडून पडला.

१५/१५
राऊस यांच्या नावावर ६० शर्यतींचे विजय आहेत. हा विक्रम जेसन प्लेटो यांनी २०११ साली मोडला. अजिंक्यपदे चार : एक गटपद्धतीने दिलेले, एक न्यायाधिकरणाने बहाल केलेले आणि दोन रोव्हर व सिएरावर मिळवलेले. तेव्हा विक्रमांच्या जुन्या तक्त्यावरून दोन खेळाडूंची तुलना करण्याचा मोह झाला, तर आधी त्या वर्षी गुण कसे मोजले जात होते ते शोधा. इतर कोणत्या खेळात नियम बदलल्याने विजेता कोण हेच बदलले, अशी उदाहरणे ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा.