दास्तानमधील सर्वशक्तिमान आणि त्यांच्या मर्यादा

ज्याला काहीच अशक्य नाही अशा नायकाची गोष्ट कोणी का ऐकावी? तो जिंकणार हे आधीच ठरलेले असते. आजकाल मुले पडद्यावर जे महानायक पाहतात, त्यांच्या लेखकांपुढे हीच अडचण असते. आपल्या दास्तानगोंनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती आणि तिच्यावर तोडही काढली होती. त्याचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

अमीर हमजाची दास्तान फारसीतून हिंदुस्थानात आली. बादशहा अकबराने तिच्यावर सुमारे १४०० चित्रे काढवून घेतली. त्या कामाला जवळजवळ पंधरा वर्षे लागली. १८०१ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी खलील अली खान अश्क यांनी ती उर्दूत लिहिली. पुढे लखनौच्या नवल किशोर छापखान्याने तिचे ४६ खंड काढले. त्यातील ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ सर्वांत गाजली. तिचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी व पुढचे अहमद हुसेन कमर यांनी लिहिले.

होशरुबाचा बादशहा अफरासियाब हा जादूगारांचा जादूगार. त्याच्याजवळ सामरीचा ग्रंथ आहे. जगात काय चालले आहे ते त्यात पाहता येते. मग त्याच्याशी लढायचे कसे? दास्तानगो सांगतात की, प्रत्येक तिलिस्म बांधतानाच त्याचा शेवटही ठरलेला असतो. तो कोण तोडणार हे नेमलेले असते, आणि कसा तोडायचा हे एका लोहवर, म्हणजे पाटीवर, लिहिलेले असते. होशरुबा तोडणारा आहे हमजाचा नातू असद. अफरासियाबला हे सारे माहीत आहे, पण ते टाळणे त्याच्या हाती नाही. कादिर-ए-मुतलक फक्त अल्लाह, हा आपला अकीदा. त्यामुळे कथेतही कोणाला सर्वशक्तिमान करणे दास्तानगोंना शक्य नव्हते. तौहीदने त्यांची कल्पनाशक्ती बांधली नाही, उलट तिला शिस्त लावली, असे आम्हाला वाटते.

नायकाच्या बाजूलाही बंधने आहेत. हमजा जादू वापरत नाही. इस्म-ए-आजम हाच त्याचा आधार. तो पहिला वार करीत नाही. अठरा दिवसांसाठी म्हणून तो कोह-ए-काफला जातो आणि अठरा वर्षे तेथेच अडकतो. इकडे मेहरनिगार वाट पाहत असते. ज्याला तलवार अडवू शकत नाही, त्याला काळ अडवतो. अमर अय्यारचे वेगळेच. तीनदा स्वतः मरण मागितल्याखेरीज त्याला मृत्यू नाही. त्याच्या जंबीलमध्ये सारे जग मावते, पण लोभ काही त्याला आवरत नाही.

सर्वांत मजेदार पात्र लका. तो स्वतःला खुदा म्हणवतो, लोकांचे नशीब लिहिल्याच्या बढाया मारतो आणि हमजा मागे लागला की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पळतो. स्वतःला खुदा म्हणवणाऱ्या माणसाला हसायला या दास्तानने शिकवले. ही शिकवण आजही जुनी झालेली नाही.

आमच्या अकोल्यात प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. त्यांनी समुद्र प्राशन केला ही कथा येथल्या मुलांना ठाऊक असते. पण महाभारत पुढे सांगते की, देवांनी पाणी परत मागितले तेव्हा ते पचून गेले होते, परत देता येईना. विंध्य पर्वत नमला तोही बळाने नव्हे. ‘मी परत येईपर्यंत असाच राहा’ या ऋषींच्या शब्दाखातर तो वाकून राहिला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. पण सामर्थ्याला सीमा हवी हे दोन्हीकडच्या कथाकारांना कळले होते.

आमच्यातील काही बुजुर्ग म्हणतात, या खोट्या गोष्टी, वर त्यांना पैगंबरांच्या (स.) चुलत्यांचे नाव. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. हजरत हमजा (रजि.) इतिहासातले आहेत. हिजरी ३, म्हणजे इ. स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत वहशीच्या भाल्याने ते शहीद झाले. काफच्या पऱ्यांशी त्यांचा संबंध नाही, हे शिक्षकाने वर्गात स्पष्ट सांगितलेच पाहिजे. मात्र दास्तान ऐकणाऱ्यांनाही उहुद माहीत होते. दास्तानमधला हमजाही अखेर शहीदच होतो. देवांना आणि जादूगारांना पुरून उरलेल्या वीराचा शेवट श्रोत्याला आधीच ठाऊक असे. दास्तानगोंनी तो शेवट बदलला नाही. सत्यापुढे कल्पनेने मान तुकवली.

दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ साली वारले आणि जुन्या दास्तानगोईची परंपरा खंडित झाली. २००५ पासून शम्सुर्रहमान फारुकी व महमूद फारुकी यांच्या प्रयत्नांनी ती पुन्हा मंचावर आली. पण मराठी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांना उर्दू लिपी वाचता येत नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी गोष्टी मराठीत आणल्या. सुलेमानी शिक्क्याने कुपीत कोंडलेला जिन्न मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. तसे अमर अय्यार आणि लकाही व्हावेत. ज्यांना दोन्ही लिपी येतात त्यांनी एकेक प्रसंग जरी मराठीत उतरवला, तरी आपल्या मुलांना परक्या महानायकांशेजारी आपलेही नायक उभे करता येतील. त्या नायकांच्या मर्यादाही मुलांना समजतील.